फेरुच्चोची जागा

लीचाचा नवरा दर गुरुवारी यायचा. मरून बरीच वर्षं झाली होती त्याला, पण गुरुवार काही चुकवत नसे. स्वप्नात येऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायचा, सूपमध्ये मीठ कमी म्हणून कुरकुर करायचा आणि निघून जायचा. "जिवंतपणी छळलं नाही तेवढं आता छळतोय मेला," असं लीचा किनाऱ्यावर सगळ्या बायकांना सांगायची. पण सांगताना तिच्या चेहऱ्यावर जो तोरा असायचा, तो बघून नीवेसला तिचा हेवा वाटायचा.

कारण नीवेसचा फेरुच्चो फेब्रुवारीत गेला. बोरा वारा असा सुटला होता की शवपेटीवरची फुलं थेट समुद्रात गेली. आता जून सरत आला, तरी तो एकदाही स्वप्नात आला नव्हता.

स्वप्न पडायचं, नाही असं नाही. त्यात ऊन असायचं, पांढरीफटक भिंत असायची आणि पलीकडून पाणी खड्यांवरून ओसरल्याचा आवाज यायचा. तो तिथेच पडलाय, उताणा, तोंडावर टोपी घेऊन, हे तिला पक्कं ठाऊक असायचं. ती हाक मारायची. भिंतीच्या कडेकडेने चालायला लागायची, पण भिंत काही संपायची नाही. मग जाग यायची आणि शेजारची उशी थंडगार असायची.

ही भिंत स्वप्नातली नव्हे, खरीच आहे. आमच्या त्रिएस्तेच्या बंदरात, जुन्या दीपस्तंभाच्या पायथ्याशी पेदोचिन नावाचा किनारा आहे, आणि त्याच्या मधोमध चुन्याने रंगवलेली ही उंच भिंत पार पाण्यात शिरलेली आहे. अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या काळात कुणा शहाण्याने ती घातली. बादशहा गेला, मागून किती झेंडे आले नि उतरले, भिंत आहे तिथे आहे. दरवर्षी कुणीतरी बाहेरगावचा दीडशहाणा विचारतो, ही पाडत का नाही? तेव्हा बायकाच त्याच्या अंगावर धावून जातात. पाडायची कशाला? दिवसभर पोट आत ओढून कोण बसेल?

नीवेस आणि फेरुच्चो लग्न झाल्यापासून उन्हाळाभर रोज तिथे जात. एकाच बसने, एकच पिशवी घेऊन. दाराशी पिशवीची वाटणी व्हायची. मोहरीसारखं नाकात जाणारं किसलेलं मूळ घातलेला हॅमचा पाव त्याला, पीच तिला. "संध्याकाळी भेटू," ती म्हणायची. तो मान हलवायचा. संध्याकाळी त्याच दाराशी भेटल्यावर ती विचारायची, "कुठे बसलास?" तो म्हणायचा, "पुढे. पाण्याला लागून, शिडीपाशी. वारा छान होता." एवढं बोलला की त्याचा दिवसाचा कोटा संपायचा.

माणूस अबोलच होता. जन्मभर बंदरातल्या क्रेनवर काम केलं, वरच्या काचेच्या खोलीत एकटाच. तिथे बोलणार तरी कुणाशी? नीवेसचं अगदी उलटं. पोरवयातच ती कॉफीच्या गोदामात लागली होती. लांबच लांब टेबलांवर दाणे ओतायचे आणि बायकांनी त्यातले काळे, फुटके वेचायचे. हात चालायचे तसं तोंडही चालायचं. त्या गोदामातल्या बायकांच्या तोंडाला सगळं बंदर टरकून असायचं, आणि त्यांच्यातही नीवेसचा आवाज सगळ्यात वरचा. पुढे यंत्रं आली, गोदाम बंद पडलं, आवाज मात्र राहिला. भिंतीला पाठ टेकून ती बसली की सकाळी सुरू झालेला पट्टा संध्याकाळी थांबायचा. सून, गुडघा, डॉक्टर, पोपची प्रकृती, आणि मुख्य म्हणजे फेरुच्चो.

यंदा ती येऊन बसायची आणि गप्प असायची. बायकांना करमेना.

"अगं, तो येणार तरी कुठून तुझ्या स्वप्नात?" एके दुपारी लीचाने निकाल दिला. "पेदोचिनवरचा फेरुच्चो तू कधी पाहिलायस का? तुझ्या डोक्यात ती जागाच नाही. तो तिथे पसरलाय आणि तू इथे वाट बघतेस. पुरुष कधी आपण होऊन उठून आलेत का? तूच जा, आण त्याला."

"पुरुषांच्या बाजूला? शुद्धीवर आहेस ना? जमायचं नाही."

जमायचं नाही, हे आमच्या शहराचं लाडकं वाक्य. कचेरीत जा, दुकानात जा, आधी हे ऐकायचं, मग पुढचं. पण लीचाही इथलीच होती, तिला त्याची सवय होती.

"टुरिस्ट नाही का जात? परवा तो जपानी आपल्याकडे घुसला, वाकून नमस्कार घातला नि गेला. कुणी हूं की चूं केलं का? टुरिस्टला सगळं माफ असतं, बाई. तू टुरिस्ट हो."

नीवेस पुष्कळ दिवसांनी हसली. पण त्या रात्री पुन्हा भिंतच दिसली, आणि सकाळी उठून तिने लीचाला फोन केला, "टोपी आहे का गं तुझ्याकडे मोठी?"

टोपी होती, काळा चष्मा होता, लीचाच्या जावयाचा कॅमेरा होता. सॅंडलमध्ये मोजे घालायची कल्पना लीचाचीच. "ऑस्ट्रियाची दिसली पाहिजेस. कुणी विचारलं तर ग्राझची आहेस म्हण. आणि तोंड उघडू नकोस! तुझं तोंड उघडलं की संपलं." शिवाय तिने बजावलं, टुरिस्ट कधी थेट समुद्रावर येत नाही, आधी चौक बघतो, जेट्टीवर फिरतो, मग दमून पाण्याकडे वळतो. तसंच कर, नाहीतर चालीवरून ओळखतील.

म्हणून त्या सकाळी नीवेस जन्मात पहिल्यांदा आपल्याच गावात फिरायला निघाली.

बंदराला एक पर्यटकांचं जहाज लागलं होतं, एखादी चाळ आणून उभी करावी तेवढं. त्यातून उतरलेल्या गर्दीत ती मिसळली आणि समुद्राकडे उघडणाऱ्या मोठ्या चौकात आली. हा चौक तिने हजारदा ओलांडला असेल, पण नेहमी तिरका, पिशवी सांभाळत, वाऱ्याकडे पाठ करून. मधोमध उभं राहून वर कधी पाहिलं नव्हतं. आज सगळे पाहत होते म्हणून तिनेही पाहिलं. सोनेरी नक्षी, दगडी बाया, गच्च्यांवरचे पुतळे, सगळं उन्हात विरघळल्यासारखं हलत होतं. अगंबाई, हे आपलं आहे? तिला वाटलं.

कधीही पायरी न चढलेल्या एका हॉटेलात ती बसली. वेटरने तिच्याशी जर्मन सुरू केलं. काचेच्या इवल्या पेल्यातली कॉफी मागणार होती, पण जीभ चावली आणि टुरिस्ट पितात तसली दुधाची मोठी कपभर मागवली. शी! तरी प्यायली. मग जेट्टीवर गेली. लांब दगडी जेट्टी, दोन्ही बाजूंना पाणी, आणि त्या दिवशी समुद्राला आकाशच नव्हतं, सगळं एकच दुधी. टोकाला जाऊन वळून पाहिलं तर गाव पाण्यावर अधांतरी तरंगत होतं. टेकडीवरचं चर्च, खाली पिवळ्या हवेल्या, डावीकडे जुनं बंदर. तिथे तिचं कॉफीचं गोदाम होतं. खिडक्या फुटलेल्या, आतून झाडं बाहेर आलेली. फेरुच्चोची क्रेन मान खाली घालून उभी. तिने कॅमेरा डोळ्याला लावला. त्या चौकटीत सगळं दुसऱ्याच कुणाचं वाटत होतं, कुणीतरी सांगितलेलं आणि आपण अर्धवट झोपेत ऐकलेलं.

"किती सुंदर, नाही?" शेजारी उभी असलेली बाई जर्मनमध्ये म्हणाली. "तुम्ही कुठल्या?"

"ग्राझ," नीवेस म्हणाली. आजीकडून आलेलं मोडकंतोडकं जर्मन होतं तिच्याकडे.

"काय सांगता! मीही ग्राझचीच! कुठे राहता?"

घ्या. नीवेसने पोटावर हात ठेवला, तोंड वाकडं केलं आणि दुधाच्या कॉफीला शिव्या देत तिथून सटकली. हसू आवरत नव्हतं. हे फेरुच्चोला सांगायला हवं, असं मनात आलं, आणि मग हसू आपसूक आवरलं.

पेदोचिनच्या तिकिटाच्या खिडकीत ओंदीना होती. ही ओंदीना नीवेसला इतकी वर्षं रोज तिकीट देत आलेली, हिला टोपीने काय फसवणार? तिने चष्म्यावरून वर पाहिलं, टोपी पाहिली, कॅमेरा पाहिला, मोजे पाहिले. फार वेळ पाहिले.

"मॅडम, बायका उजवीकडे," ती मोठ्याने म्हणाली. मग शब्दकोड्यात डोकं खुपसून आणखी मोठ्याने पुटपुटली, "टुरिस्ट लोक. सांगून ऐकतात थोडेच!"

नीवेस डावीकडे वळली.

पहिल्यांदा तिला काही दिसेचना. ऊन भिंतीवरून उलटून डोळ्यांत येत होतं. हळूहळू माणसं दिसायला लागली. म्हातारी पोटं, पांढऱ्या छात्या, तोंडावर वर्तमानपत्रं. कुणी झोपलेलं, कुणी पत्ते धरून झोपलेलं. आणि काय शांतता! आमच्या बाजूला मासळीबाजार आणि इथे देवळासारखं गप्प. एकदोघांनी मान वर केली, टोपी-कॅमेरा बघून पुन्हा खाली टाकली. टुरिस्टला सगळं माफ, लीचाचं खरं होतं.

ती थेट पुढे गेली. पाण्याला लागून, शिडीपाशी. तिथे तिला फेरुच्चो दिसायचा होता. म्हणजे दिसणार नाही हे कळत होतं तिला, वेडी नव्हती ती. पण जागा तरी दिसेल, दगड दिसेल, डोळ्यांत भरून नेता येईल आणि रात्री भिंतीपलीकडे ठेवता येईल. ती शिडीपाशी पोहोचली, तर तिथे एक आडदांड माणूस हातपाय पसरून आडवा, पोटावर कलिंगडाची फोड.

बास. महिनोन्‌महिने कोंडलेलं सगळं एकदम वर आलं.

"ऊठ!" नीवेस ओरडली, आणि जर्मनमध्ये नव्हे. "ऊठ तिथून! लाज नाही वाटत? माझ्या नवऱ्याची जागा आहे ती! माणूस जाऊन वर्षसुद्धा झालं नाही, आणि हा आपला कलिंगड खातोय!"

कलिंगड पाण्यात पडलं. सगळा किनारा उठून बसला. आणि मागून, पार मागच्या बाजूने, एक घोगरा आवाज आला.

"सिओरा नीवेस?"

तो आवाज तिच्या ओळखीचा होता. कधीमधी भिंतीवरून "अहो, काडेपेटी आहे का?" असा यायचा, तोच. चेहरा कधी पाहिला नव्हता. वळून पाहिलं तर भिंतीला टेकून पाचसात म्हातारे रांगेत बसलेले, आणि सगळे तिच्याकडे असे बघत होते की जणू घरातलंच कुणी परदेशाहून आलंय.

"मी एजिदिओ," घोगरा म्हणाला. घाईघाईने त्याने शर्ट चढवला, उलटा. "बसा, बसा. त्या बिचाऱ्याला सोडा. फेरुच्चोची जागा ती नव्हे."

"नव्हे कशी? त्याने मला रोज सांगितलंय. पुढे, शिडीपाशी. वारा छान."

म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. एजिदिओने नुसतं शेजारी बोट दाखवलं. भिंतीपाशी, मागच्या कोपऱ्यात, जिथे वाऱ्याचं नाव नाही आणि समुद्र दिसायलाही मान वाकडी करावी लागते. यंदाच चुना मारलेला होता, पण तेलाचे जुने डाग त्यातून वर आलेच होते, प्रत्येकाच्या डोक्यामागे एकेक. मधल्या रिकाम्या जागेवरचा डाग इतरांपेक्षा बराच खाली होता. फेरुच्चो बुटका होता.

"इथे?" नीवेस म्हणाली. "या भट्टीत?"

"आम्हीही तेच म्हणायचो. पुढे जा, बाबा, शिजशील. तर म्हणायचा, इथून ऐकू येतं."

"काय ऐकू येतं?"

भिंतीपलीकडून, अगदी नीवेसच्या कानाशी, लीचाचा आवाज आला. नुसता आवाज नव्हे, शब्द न्‌ शब्द. "ए बाई, सरक. तिथे टॉवेल दिसत नाही का? ही नीवेसची जागा आहे, येईलच ती एवढ्यात."

भिंतीला कान असतात हे साऱ्या जगाला माहीत, फक्त पेदोचिनच्या बायकांना नाही. पलीकडे एरवी चिडीचूप असतं, म्हणून आम्ही समजत आलो की म्हातारे झोपलेत नाहीतर बहिरे झालेत. मेले ऐकत होते!

नीवेस खाली बसली, त्या बुटक्या डागाखाली. तिचा टॉवेल भिंतीच्या त्या अंगाला, आणि हा दगड या अंगाला. मध्ये फक्त वीतभर चुना नि दगड.

"सगळं?" तिने विचारलं.

"सगळं," एजिदिओ म्हणाला. "तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन मला पाठ आहे. सून आली तो उन्हाळा तर काय सांगू, आम्ही जेवायलासुद्धा उठत नव्हतो. तुम्ही विनोद केलात की फेरुच्चोचं पोट हलायचं, आवाज न करता. शिव्या दिल्यात की मान डोलवायचा. यंदा तुम्ही बोलत नाही, आम्हाला उन्हाळा लागल्यासारखाच वाटत नाही."

"मग मला खोटं का सांगायचा? शिडी, वारा?"

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही जागा बदलली असती."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. नीवेसला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. एक दुपार तिला आठवत होती, बऱ्याच वर्षांपूर्वीची. लीचाला ती म्हणाली होती, जन्म गेला, पण तू मला आवडतेस एवढं एक वाक्य या माणसाच्या तोंडून निघालं नाही. क्रेनशी लग्न केलं असतं तर तीसुद्धा कधीतरी करकरली असती. सगळ्या बायका खदखदून हसल्या होत्या.

"क्रेनचं... तेही ऐकलं त्याने?"

"ऐकलं. त्या दिवशी आम्हीही हसलो. तो नाही हसला. कूस बदलून भिंतीकडे वळला आणि हात ठेवला भिंतीवर. असा. 'खरं बोलते ती,' म्हणाला. मग बराच वेळ हात काढला नाही."

"आणि संध्याकाळी घरी येऊन बोलला? एक शब्द तरी?"

"ते तुम्हालाच ठाऊक, सिओरा."

नव्हता बोलला. त्या संध्याकाळी त्यांनी बसमध्ये उरलेला पीच खाल्ला होता, आणि बहुतेक तीच बोलत होती. नीवेसने डोळे मिटले. उन्हाने तापलेली भिंत पाठीला लागत होती. पलीकडे बायकांचा कलकलाट वर चढत होता, ओसरत होता, कुणीतरी हसत होतं, कुणी भांडत होतं, आणि मध्येच खड्यांवरून पाणी जात होतं. असं ऐकू यायचं त्याला. इतकं जवळ. डोळा लागला की नाही तिला कळलं नाही. फेरुच्चो काही आला नाही. पण भिंत आज स्वप्नातल्यासारखी लांबत नव्हती, पाठीला टेकून होती. म्हाताऱ्यांनी तिला उठवलं नाही, एकाने फक्त तिच्या मोज्यांवर सावली पडेल अशी छत्री सरकवली.

दुसऱ्या दिवशी ती आपल्या बाजूला आली. टोपी लीचाला परत दिली. "भेटला का?" लीचाने विचारलं. नीवेसने टॉवेल घातला, पाठ टेकली, आणि गोदामात निघायचा तसा आवाज काढला.

"फेरुच्चो! काल तुझी जागा बघून आले. गाढवा, वारा छान म्हणे! माझं सगळं फुकटात ऐकलंस आणि बदल्यात एक वाक्य देता आलं नाही तुला? एक? मीही तेवढीच वेडी, तुझ्याशिवाय घरात कशी झोपते ते माझं मला ठाऊक. आवडत होतास रे तू मला. घे, ऐक. स्वप्नात यायचं तर ये, नाहीतर नको येऊस, तिथेच बस!"

बायका थिजल्या. कुणाचा पीच हातात तसाच राहिला. पलीकडे काही हललं नाही. एजिदिओला आलेला खोकलासुद्धा त्याने कसाबसा गिळला असावा. कुणी ओ दिली नाही, आणि ती शांतता नीवेसने नीट, शेवटपर्यंत ऐकून घेतली. लग्नात इतकी वर्षं तिला हेच उत्तर मिळत आलं होतं, फक्त ते उत्तर असतं हे तिला काल कळलं होतं.

मग तिने डोळे पुसले, टॉवेल पाठीमागे सरळ केला आणि सुनेच्या विषयाला हात घातला.